परिचारिकेची पूर्वतयारी आणि दुखण्याची भाषा

येडेश्वरीची चैत्री यात्रा आटोपल्यावर काही दिवसांनी येरमाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. चुनखडी वेचण्याचा विधी होऊन गेला होता, आराधी मंडळींच्या गाड्या आपापल्या गावी परतल्या होत्या, आणि रस्त्याकडेला नारळाच्या शेंड्यांचे ढीग तेवढे उरले होते. ही मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्या बी. ए. मराठीच्या वर्गात होती. दुसऱ्या वर्षानंतर तिने वर्ग सोडला आणि नर्सिंगला प्रवेश घेतला. तेव्हा आम्ही तिला जे बोललो ते आज आठवले की संकोच वाटतो. इतके चांगले वाचतेस, आणि आता सुया टोचत आयुष्य काढणार काय, अशा अर्थाचे ते बोलणे होते. तिने त्यावर काही उत्तर दिले नव्हते.

आता ती पूर्व आफ्रिकेतील एका मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून जाण्याच्या तयारीत आहे. घर दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. घर यात्रेच्या वाटेवर असल्याने उन्हातून येणाऱ्या आराध्यांसाठी दारात पाण्याचा रांजण भरून ठेवण्याची रीतही तितकीच जुनी. पारपत्र, लसी, कागदपत्रे, मिशनच्या मुलाखती हे सगळे तिने निस्तरले होते. आमच्यापुढे तिने एक दोनशेपानी वही ठेवली. एका बाजूला स्वाहिली शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. आणि विचारले, "सर, दुखणं सांगायचे शब्द कुठल्या पुस्तकात मिळतील? कोर्समध्ये 'कुठे दुखते, किती दिवसांपासून' एवढंच आहे. आमची आजी दुखण्याचे वीस प्रकार सांगते. तिकडच्या आज्यासुद्धा सांगत असतील ना?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. पंचवीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पूर्वी पडायला हवा होता. तो पडला नाही, याचे कारण शोधता शोधता हा लेख झाला आहे.

मिशनरी परिचारिका म्हटले की आपल्याकडे दोन तयार साचे पुढे येतात. एकात ती पांढऱ्या वस्त्रांतली देवदूत असते. दुसऱ्यात औषधाच्या गोळीआड धर्मांतराचा गळ लपवणारी हस्तक. दोन्ही साचे वापरणाऱ्याला एक सोय मिळते: ती बाई प्रत्यक्ष काय करते हे पाहावे लागत नाही. ती येण्यापूर्वी काय शिकली, आल्यावर पहिली दोन वर्षे तिने काय केले, रात्रपाळीत तिला कोणते शब्द कळले आणि कोणते कळले नाहीत, हे प्रश्न देवदूताला कोणी विचारत नाही आणि हस्तकालाही विचारत नाही. आमच्या मते या विषयाचा खरा गाभा तिथेच आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाच्या अंगणातला आहे.

आधी थोडा इतिहास. आधुनिक परिचर्येचे शिक्षण आणि धर्मसेवा यांचा सांधा जर्मनीतील कायझरस्वेर्थ या गावी जुळला. १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर या पाद्र्याने आणि त्याच्या पत्नीने तेथे सेविकांची शाळा काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये सुमारे तीन महिने तेथे राहून शिकली. त्याच वर्षी तिथल्या सेविका जेरुसलेमला रुग्णसेवेसाठी रवाना झाल्या. म्हणजे 'परदेशी जाणारी ख्रिस्ती परिचारिका' ही व्यक्तिरेखा आणि 'प्रशिक्षित परिचारिका' ही व्यक्तिरेखा जवळजवळ एकाच घरात वाढल्या. आपल्या ग्रामीण बोलीत याची खूण अजून शिल्लक आहे. सरकारी दवाखान्यातल्या कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या परिचारिकेला आपला माणूस 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द मठवासिनी भगिनींकडून इंग्लंडच्या रुग्णालयात आणि तेथून आपल्या वॉर्डांत आला. 'परिचारिका' हा शब्द प्रमाणपत्रावर आणि फलकावर राहिला. तापाने फणफणलेल्या माणसाच्या तोंडी तो कधी आलाच नाही.

महाराष्ट्रात या सेवेची मोठी केंद्रे उभी राहिली त्यांत मिरजेचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विल्यम वॉनलेस हे १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची सोय सुरू केली. मराठवाड्याचा आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येरमाळ्याच्या पश्चिमेस जेमतेम काही कोसांवर ब्रिटिश हद्दीतली बार्शी. अडलेली बाळंतीण बैलगाडीत घालून तिकडे नेण्याची वाट जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. आजही येरमाळ्याचा गंभीर रुग्ण बार्शी, लातूर वा सोलापूरचीच दिशा धरतो. महामार्ग झाला, गाड्या वाढल्या, दिशा त्याच राहिल्या.

परदेशातून येणाऱ्या मिशनऱ्याच्या तयारीत सर्वांत लांबलेला भाग कोणता? तो भाषेचा. वर्ष-दोन वर्षे मराठी शिकायची, परीक्षा द्यायच्या, उन्हाळ्यात महाबळेश्वरासारख्या थंड ठिकाणी भाषावर्गाला बसायचे आणि मग पूर्ण कामाला लागायचे, अशी पद्धत अनेक मिशनांत होती. त्यामागे जुनी परंपरा होती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ चे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले, आणि त्यामागे वैजनाथ पंडितांचे श्रम होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ पेशाने सैनिक, पण मिशनऱ्यांच्या टेबलावर त्याचाच कोश असे. मराठी भाषेच्या आधुनिक अभ्यासाची ही पायाभरणी आपण वर्गात शिकवतो. ती कोणाच्या कोणत्या गरजेतून झाली हे मात्र पटकन सांगून पुढे सरकतो.

या तयारीचा एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची सोय झाली. वाँटेज येथे सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाला त्या राहिल्या, आणि राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे असे ठरले. पुढे श्रवणदोषामुळे रमाबाईंचा वैद्यकाचा मार्ग बंद झाला. हे चित्र जरा थांबून पाहावे. परदेशी सेवेला निघालेल्या ख्रिस्ती भगिनी बाकावर बसल्या आहेत आणि समोर उभी राहून त्यांना मराठी शिकवते आहे ती एक मराठी विधवा, जिला स्वतःला वैद्य व्हायचे होते आणि जिला ऐकू कमी येत असल्याने ते होता येणार नाही. वैद्यकाला ऐकू येणे किती अत्यावश्यक मानले जाते याचा याहून कठोर दाखला नसेल. रमाबाईंनी त्या भगिनींना कोणते शब्द शिकवले असतील? प्रार्थनेचे शिकवले असतील, शाळेचे शिकवले असतील. पोटातल्या कळेचे शिकवले असतील काय? आम्हांस कुतूहल आहे.

कारण हीच या तयारीची उणीव होती. जी मराठी छापून, बांधून, परीक्षेला लावून मिळत होती ती ग्रंथांची, पंडितांची आणि बायबलच्या भाषांतराची मराठी. तिच्यात 'पीडा' होती, 'व्याधी' होती, 'क्लेश' होते. बाकावर बसलेली बाई यांपैकी एकही शब्द उच्चारत नाही. ती म्हणते, "पोटात गोळा उठतोय." ती म्हणते, "कंबर धरलीय", "बरगडीत चमक भरली", "डोकं ठणकतंय", "जीव घाबरा होतोय", "अंगात कणकण हाय". कळ वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा, सल वेगळी. ठणका ठोका धरून येतो. कळ येते आणि जाते. मुरडा पिळून काढतो. सल जागच्या जागी राहते. जखम चुरचुरते तेव्हा वरवरची असते, हुळहुळते तेव्हा भरत आलेली असते. या क्रियापदांत निम्मे निदान आहे. मोल्सवर्थच्या कोशात अशा शब्दांची रेलचेल आहे, कारण त्याचे पंडित शब्द गोळा करायला बाहेर फिरले होते. परंतु कोश वर्णानुक्रमाने असतो आणि रुग्ण वर्णानुक्रमाने आजारी पडत नाही.

बायकांच्या दुखण्यांची भाषा तर पडद्याआडची. "अंगावरून जातंय" हे वाक्य शब्दशः घेणाऱ्या परक्या परिचारिकेला काय कळणार? "दिवस गेलेत", "दिवस भरलेत", "बाई अडलीय", "मूल पायाळू हाय", "कावळा शिवला" यांतल्या एकाही वाक्यात शरीराच्या अवयवाचे नाव नाही, आणि प्रत्येक वाक्यात शरीराची नेमकी अवस्था आहे. "अडलीय" हा एक शब्द वेळेवर कळला नाही तर दोन जीव जातात. साहित्यात आपण ज्याला व्यंजना म्हणतो ती इथे अलंकार म्हणून येत नाही, लाजेने येते. आणि ती कळणे वा न कळणे यावर कोणाचे तरी मरण अवलंबून असते.

येरमाळ्यात या भाषेला आणखी एक पदर आहे. 'देवी' म्हणजे येडेश्वरी, लाडाने येडाई, येडामाय. आणि 'देवी' म्हणजे फोड उठवणारा, डोळे नेणारा, पोरे नेणारा तो रोगही. देवी येतात, देवी टोचतात, देवी काढतात. आराधीण बाईच्या अंगात येते ती देवी, आणि लेकराच्या अंगावर येतात त्याही देवी. एखादी परकी सिस्टर लस घेऊन गावात गेली आणि 'देवी काढायला आले आहे' म्हणाली, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय काय उभे राहिले असेल याची कल्पना करावी. रोगाला आईचे नाव देणारा समाज रोगाला भितो, त्याची मनधरणी करतो आणि त्याच्याशी नातेही जोडतो. हे ज्या परिचारिकेला कळले तिला लस टोचण्यापूर्वी घरच्या म्हातारीशी बोलावे लागते हेही कळले. जिला कळले नाही तिने गावाला अडाणी ठरवून मुख्यालयाला पत्र लिहिले. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. रोग गेला, शब्द उरला. आणि येडाईच्या नावाने उदो म्हणणाऱ्या गर्दीत तो कोणाला खुपतही नाही.

आता आक्षेपाकडे येऊ, कारण तो टाळून हा विषय मांडणे अप्रामाणिक ठरेल. आजारी माणूस दुबळा असतो. त्याच्या उशाशी बसून त्याला धर्म सांगणे हे त्या दुबळेपणाचा लाभ घेणे होय, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा आम्हांस मूलतः मान्य आहे. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी गोपाळराव कोल्हापूरहून मिशनरी वाइल्डर यांच्याकडे मदत मागत होते, तेव्हा ख्रिस्ती होण्याची अपेक्षा पुढे आली. गोपाळरावांनी ती मानली नाही. आनंदीबाई १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात बोलल्या तेव्हा, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. केरीने जिथे मराठी व्याकरण छापले त्याच गावी हे व्हावे हा योगायोग. त्यांना अखेर मदत मिळाली ती न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंकडून, धर्माच्या अटीशिवाय. पुढे १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने न्या. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. समितीच्या इतर निष्कर्षांवर वाद झाला आणि व्हावा; या एका तत्त्वावर वाद घालण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. रुग्णशय्या ही प्रवचनाची जागा नाही.

पण एवढ्यावर थांबणे आम्हांस सोयीचे वाटते, म्हणूनच खुपतेही. स्वातंत्र्यापूर्वी या देशातल्या प्रशिक्षित परिचारिकांत बहुसंख्य ख्रिस्ती का होत्या? परक्याचे मलमूत्र काढणे, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे ही कामे आम्ही आमच्या मुलींसाठी विटाळाची आणि बदनामीची मानली. डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाईंचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, श्री. ज. जोशींनी 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये लिहिली, नाटक झाले, चित्रपट झाला. हे सर्व योग्यच झाले. परंतु परिचारिकेच्या वाट्याला मराठी साहित्यात काय आले? विनोदी कथेतली ठसकेबाज नर्स, चित्रपटातले इंजेक्शन घेऊन येणारे पात्र, किंवा कोणाच्या तरी मरणाच्या पानावर 'नर्सने चादर ओढली' एवढे वाक्य. ज्या कामाला आम्ही हात लावला नाही त्याला शब्दही दिले नाहीत. मग ते काम दुसऱ्या कोणी धर्माच्या नावाने केले तर 'धर्माच्या नावाने का' एवढाच प्रश्न आमच्याजवळ उरला. आमच्या त्या विद्यार्थिनीला सुया टोचण्यावरून आम्ही जे बोललो तेही याच तिरस्काराचे, जरा सुसंस्कृत रूप होते.

सेवेला धर्माचीच प्रेरणा लागते असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्या २०१५ मध्ये वारल्या. मधली बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची भाषा कळणे ही परिचर्येची शेवटची परीक्षा म्हणता येईल; ती तिथे रोज दिली गेली, आणि त्यात नाना धर्मांच्या बायका होत्या. उलट, धर्माची प्रेरणा असूनही प्रवचन न करणारे कामही आमच्या शेजारीच आहे. येरमाळ्याहून वायव्येस गेले की जामखेड. रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तेथे आले. त्यांनी खेड्यातल्या, पुष्कळदा दलित आणि निरक्षर बायकांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यशाचे रहस्य अनेकांनी अनेक प्रकारे सांगितले आहे. आमच्या दृष्टीने त्यातला मोठा भाग भाषेचा होता: ज्या बाईला 'अंगावरून जाणे' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, तिच्याच हाती औषधाची पेटी दिली गेली. त्यांतल्या एका सेविकेने अमेरिकेतील एका परिषदेत दवाखान्याला झुंबराची आणि स्वतःसारख्यांना दिव्याची उपमा दिली. झुंबर एका जागी लटकते, दिव्याने दुसरा दिवा लागतो, असा तिचा आशय. सभेतल्या तज्ज्ञांना जे अहवालांतून मांडता आले नाही ते तिने आपल्या घरातल्या प्रतिमेत मांडले. आमच्याच जिल्ह्यात अणदूरला 'भारतवैद्य' म्हणून गावोगावच्या बायका तयार झाल्या त्यामागेही हीच समज होती. २००५ नंतर 'आशाताई' आल्या. सरकारी योजनेच्या नावाला लोकांनी 'ताई' जोडून तिला घरात घेतले.

म्हणून आम्ही कसोटी अशी मांडू. परक्या मुलखात जाणाऱ्या परिचारिकेने तिथली भाषा बोलण्यासाठी शिकली की ऐकण्यासाठी? केवळ बोलण्यासाठी शिकणाऱ्याला थोडी भाषा पुरते. संदेश आधी ठरलेला असतो, त्याचे भाषांतर करून घेतले की झाले. ऐकण्यासाठी शिकणाऱ्याला भाषा कधीच पुरत नाही, कारण समोरचा काय म्हणणार हे आधी ठाऊक नसते. पहिलीच्या मनात रुग्ण हा श्रोता असतो. दुसरीच्या मनात तो वक्ता असतो. धर्माने ती कोणती आहे हा प्रश्न नंतरचा. ही कसोटी मिशनरी परिचारिकेला लावावी तशीच सरकारी परिचारिकेला, खाजगी डॉक्टरला, आणि भूकंपानंतर धावून आलेल्या स्वयंसेवकालाही लावावी. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जगभरातून मदत आली. तंबू आले, औषधे आली, घरे आली. ढिगाऱ्यातून निघालेल्या बाईचे ऐकून घेणारा माणूस मात्र तिच्या भाषेतलाच असावा लागला.

आज हा प्रवाह उलटा वाहतो आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. कायझरस्वेर्थच्या देशाला आता म्हाताऱ्यांच्या उशाशी बसायला माणसे हवी आहेत, आणि ती लातूर-धाराशिवच्या पोरींतून मिळावीत अशी अपेक्षा आहे. या मुली धर्मप्रसाराला निघालेल्या नाहीत. घरच्या कर्जाला, बहिणीच्या लग्नाला, स्वतःच्या जगण्याला आधार हवा म्हणून निघाल्या आहेत. त्यांना जर्मनची ठरावीक पातळी गाठावी लागते, परीक्षा द्यावी लागते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी परक्या बायका महाबळेश्वरच्या वर्गात 'ळ' चा उच्चार घोटत होत्या. आज आमच्या मुली शहरातल्या भाड्याच्या खोलीत जर्मन प्रत्यय घोटत आहेत. तिथली स्मृतिभ्रंश झालेली एखादी आजी परीक्षेतली जर्मन बोलणार नाही. ती आपल्या खेड्यातली, आपल्या लहानपणची बोली बोलेल. त्या वेळी आमच्या मुलीला ठाऊक असायला हवे की कळ आणि ठणका यांत फरक असतो, तो त्या भाषेतही असणार, आणि तो विचारून घ्यायचा असतो.

हे तिला कोण शिकवणार? नर्सिंगच्या अभ्यासक्रमात 'संवादकौशल्य' नावाचा विषय असतो. त्यात हसून बोलावे, डोळ्याला डोळा द्यावा अशी कलमे असतात. आणि शेजारच्याच महाविद्यालयात मराठी विभाग असतो. तिथे बोलीभाषेवर प्रबंध होतात, शब्दशक्तींवर वीस गुणांचा प्रश्न येतो, आणि विद्यार्थीसंख्या घटत असल्याबद्दल दरवर्षी चर्चासत्र होते. या दोन इमारतींमधली भिंत कोणी बांधली? मराठीच्या विद्यार्थ्याने एक सत्र आपल्या तालुक्यातील दुखण्याचे शब्द गोळा करावेत, ते कोणत्या वयाचे, कोणत्या जातीचे, बाईचे की पुरुषाचे हे नोंदवावे, आणि तो संग्रह शेजारच्या नर्सिंग शाळेत जाऊन शिकवावा, यात अशक्य ते काय? त्यात बोलीविज्ञान आहे, अर्थविचार आहे, लोकसाहित्य आहे. आणि साहित्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला द्यायला उत्तरही आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण शैलीसाठी शिकवतो. त्यातली आजारपणे, बाळंतपणे, साथी आणि त्यांविषयी बोलण्याची लक्ष्मीबाईंची रीत यांसाठी ते पुस्तक परिचारिकांच्या वर्गात वाचले गेले, तर त्यांना अधिक आवडेल आणि आम्हांसही नव्याने कळेल, अशी आमची खात्री आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक विद्येला अशी उपयोगाची दावण कशाला? साहित्य साहित्यासाठी वाचू द्या. जरूर वाचावे. आम्हीही तसेच वाचतो. पण दुसऱ्याचे दुःख दुसऱ्याच्या शब्दांत समजून घेणे हे जर साहित्याचे काम नसेल, तर आम्ही इतकी वर्षे वर्गात नेमके काय करत होतो, याचा खुलासा आम्हांस स्वतःलाच द्यावा लागेल.

येरमाळ्याच्या त्या घरी आम्ही तासभर बसलो होतो. धर्माविषयी विचारावे की नाही या संकोचात शेवटी विचारलेच, की तिथे गेल्यावर प्रार्थना वगैरे सांगणार का. ती म्हणाली, "माझी प्रार्थना मी ड्यूटीला जायच्या आधी करते, सर. वॉर्डात गेल्यावर वेळ कुठं असतो?" या उत्तराने सगळे आक्षेप मिटतात असे आम्ही म्हणत नाही, मिशनच्या धोरणाचा प्रश्न तिच्या एकटीच्या उत्तराने सुटणारा नाही. तिची आजी आतून ऐकत होती. ती बाहेर आली, गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि आमच्या नातीला तुम्ही लिहायला लावलंत का, असे विचारून तिने आणखी चार शब्द सांगितले. त्यांतले दोन आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. मुलीने ते वहीच्या मराठी बाजूला लिहून घेतले आणि समोरची स्वाहिली बाजू कोरी ठेवली. त्या दोन शब्दांचे नेमके अर्थ आम्ही आजीकडून समजून घेतले, आणि परतल्यावर मोल्सवर्थ उघडून बसलो.